साइटेशन म्हणजे काय? खगोलशास्त्रातलं संशोधन मोजतात कसं, आणि त्यात अलिबागचं नाव कुठून येतं?

सप्टेंबर आला की एक पोस्ट हमखास फिरायला लागते. एका प्राध्यापकांचा फोटो असतो आणि खाली मजकूर असतो, 'जगातील टॉप २ टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत आपल्या सरांचा समावेश, हार्दिक अभिनंदन!' आमच्या तळ्याच्या ग्रुपवरही अशी पोस्ट आली. सगळ्यांचे हार, गुच्छ, टाळ्या टाकून झाल्यावर एका काकांनी विचारलं, "पण हे टक्के काढतं कोण? परीक्षा असते काय त्यांची?"

ग्रुप एकदम शांत.

काकांचा प्रश्न बरोबर होता. परीक्षा नसते, पण मोजणी असते. ती मोजणी ज्या गोष्टीची होते तिला म्हणतात साइटेशन. नोकरी, बढती, संशोधनाला मिळणारा निधी, कॉलेजचं रँकिंग, या सगळ्यात हा आकडा बघितला जातो. म्हणजे तुमच्या-आमच्या कराचा पैसा कुणाकडे जाणार, हेही थोडंफार यावरच ठरतं.

ही मोजणी कशी होते आणि कुठे फसते, हे समजून घ्यायला खगोलशास्त्रासारखा दुसरा विषय नाही. आणि आपल्या रायगडकरांसाठी गंमत अशी की, यातली सगळ्यात भारी गोष्ट अलिबागपर्यंत येऊन पोहोचते.

साइटेशन म्हणजे नेमकं काय?

शास्त्रज्ञ आपलं काम शोधनिबंध लिहून जगासमोर मांडतो. आधी कुणी काय केलं आणि त्यातलं आपण काय वापरलं, हे त्याला शेवटच्या यादीत सांगावं लागतं. अशा यादीत तुमच्या निबंधाचं नाव आलं की तुमच्या खात्यात एक साइटेशन जमा. मराठीत सरळ 'उल्लेख' म्हणू.

हे उल्लेख पद्धतशीर मोजायला सुरुवात केली अमेरिकेच्या युजीन गारफिल्ड यांनी. त्यांची 'सायन्स सायटेशन इंडेक्स' ही सूची १९६० च्या दशकात सुरू झाली. मूळ हेतू साधा होता. एखाद्या निबंधाचा पुढे कुणी कुणी वापर केला, हे शोधता यावं. ग्रंथालयाच्या कामाची ही सोय पुढे मार्कशीट झाली.

त्यातून दोन आकडे निघाले. ते तुम्हाला सगळीकडे दिसतील.

पहिला, इम्पॅक्ट फॅक्टर. हा नियतकालिकाचा असतो, माणसाचा नाही. समजा, एका नियतकालिकाने २०२२ आणि २०२३ मध्ये मिळून १०० निबंध छापले आणि २०२४ मध्ये त्या निबंधांचे ५०० उल्लेख झाले, तर २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर ५. यातली 'दोन वर्षं' लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहेत.

दुसरा, एच-इंडेक्स. हा माणसाचा. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी तो २००५ मध्ये सुचवला. तुमचे १० निबंध असे असतील की प्रत्येकाचे किमान १० उल्लेख झालेत, तर तुमचा एच-इंडेक्स १०. एकच निबंध हजारदा उल्लेखला गेला आणि बाकीचे कुणी उघडूनही बघितले नाहीत, तर एच-इंडेक्स १ वरच अडकतो.

खगोलशास्त्रज्ञांकडे यासाठी स्वतःची वेगळी सोय आहे. नासाच्या पैशातून चालणारी 'अ‍ॅस्ट्रोफिजिक्स डेटा सिस्टिम', म्हणजेच एडीएस. ही १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आहे आणि सगळ्यांसाठी फुकट आहे. कुणाच्या निबंधाचा कुणी उल्लेख केला, हे तळ्यात बसून मोबाइलवरही बघता येतं.

मग ते 'टॉप २ टक्के' काय आहे?

ही यादी स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन इओआनिडिस आणि त्यांचे सहकारी तयार करतात. आकडे एल्सव्हियर या प्रकाशन कंपनीच्या 'स्कोपस' या माहितीसाठ्यातून घेतले जातात. उल्लेख, एच-इंडेक्स, निबंधात तुमचं नाव पहिलं आहे की शेवटचं, असे घटक एकत्र करून एक गुण काढतात.

हा पुरस्कार नाही. स्टॅनफर्ड कुणाची निवड करत नाही. यादी दोन प्रकारची असते, एक आयुष्यभराच्या कामाची आणि दुसरी एकाच वर्षातल्या उल्लेखांची. पोस्टमध्ये कोणती आहे, ते बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं.

याचा अर्थ ती खोटी आहे असा नाही. नाव येणं ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त ती मोजणी आहे, आणि मोजणीला मर्यादा असतात. त्या कळायला अलिबागला जाऊया.

अलिबागची गोष्ट : १४४ वर्षांनी कामी आलेली नोंद

मुंबईत कुलाब्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा उभारली. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद सुरू झाली. रात्रंदिवस ठरलेल्या वेळी उपकरण बघायचं, आकडा वहीत लिहायचा. पुन्हा थोड्या वेळाने तेच.

१ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरच्या डागांचं चित्र काढत होते. अचानक त्यांना डागांजवळ पांढरा लखलखाट दिसला. त्यांनी 'मंथली नोटिसेस ऑफ द रॉयल अ‍ॅस्ट्रोनॉमिकल सोसायटी' या नियतकालिकात त्यावर छोटा निबंध लिहिला. दुसऱ्या दिवशी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आलं. तारयंत्रं बिघडली, काही ठिकाणी ठिणग्या उडाल्या.

या वादळाचा जोर इतका होता की युरोपातल्या अनेक उपकरणांना तो मोजताच आला नाही, नोंद कागदाच्या बाहेर गेली. कुलाब्यात मात्र २ सप्टेंबरला कुणीतरी उपकरणासमोर बसून आकडे लिहीत होतं. ते आकडे वेधशाळेच्या वार्षिक अहवालात छापले गेले आणि कपाटात गेले.

पुढे मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या विजेमुळे चुंबकीय नोंदी बिघडणार होत्या. तेव्हा कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी नवी जागा निवडली, अलिबाग. तिथे लोखंड टाळून वेधशाळेची इमारत बांधली आणि १९०४ मध्ये काम सुरू झालं. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी आणि नवी मालिका नीट जोडता यावी. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातल्या नोंदींचा दोन खंडांचा ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध केला.

(इथे गोंधळ नको. मुंबईतलं कुलाबा वेगळं. आपल्या जिल्ह्याचंही जुनं नाव कुलाबाच होतं, पण ते अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावरून.)

आता थेट २००३ मध्ये या. ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ, आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखीना व शोभना अ‍ॅलेक्स यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी १८५९ च्या त्या कुलाब्याच्या नोंदी बाहेर काढल्या. त्यावरून कळलं की मुंबईत चुंबकीय क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने कोसळलं होतं. तुलनेसाठी बघा. मार्च १९८९ मध्ये कॅनडाच्या क्युबेक प्रांतात साठेक लाख लोक नऊ तास अंधारात गेले, त्या वादळाचा जागतिक निर्देशांक उणे ५८९ होता.

हा निबंध आज अवकाश हवामानाच्या अभ्यासात पायाभूत मानला जातो. त्याचे शेकडो उल्लेख झालेत. मे २०२४ मध्ये लडाखच्या हान्लेमधून आकाश लाल दिसलं आणि इन्स्टाग्राम त्या फोटोंनी भरलं, तेव्हाही तुलना १८५९ शीच झाली. २०२२ मध्ये 'अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल'मध्ये याच नोंदींचा आणखी बारकाईने अभ्यास छापून आला. उपग्रह आणि वीजवाहिन्या किती मोठं वादळ सोसतील, याचा हिशोब करताना मुंबईतली ती वही लागते.

आता ती 'दोन वर्षं' आठवा. इम्पॅक्ट फॅक्टरची खिडकी दोन वर्षांची. कुलाब्याच्या नोंदींची खरी किंमत कळायला १४४ वर्षं लागली. १८६१ मध्ये कुणी आकडा काढला असता तर आला असता भोपळा. आणि त्या दिवशी वहीत आकडे लिहिणाऱ्याच्या खात्यात आजही एकही उल्लेख नाही.

या नोंदींची मालिका सांभाळणारी भूचुंबकत्व संस्था आज नवीन पनवेलला आहे. म्हणजे वही मुंबईत सुरू झाली, अलिबागला पुढे चालू राहिली आणि संस्था पनवेलला. दोन्ही ठिकाणं आपल्याच जिल्ह्यात.

पुण्याची गोष्ट : १९९१ चा निबंध, २०१५ चा पुरावा

हे फक्त जुन्या काळात व्हायचं असं नाही. १९९१ मध्ये पुण्याच्या आयुका या संस्थेतून बी. एस. सत्यप्रकाश आणि संजीव धुरंधर यांनी एक निबंध लिहिला. विषय होता, गुरुत्वीय लहरींचा अगदी बारीक संकेत गोंगाटातून वेगळा कसा काढायचा. जत्रेच्या गर्दीत आपल्या पोराची हाक ओळखावी, तसा प्रकार. हाक कशी असेल ते आधी माहीत हवं, मग कान तिच्यासाठी तयार ठेवायचा.

तेव्हा अशी लहर कुणी पकडलेली नव्हती. ती पकडणारी लायगो यंत्रणाही उभी राहायची होती. १४ सप्टेंबर २०१५ ला लहर सापडली आणि तिची खात्री करताना याच जातीची पद्धत वापरली गेली. मध्ये गेली २४ वर्षं.

फेब्रुवारी २०१६ मध्ये या शोधाचा निबंध आला. त्यावर हजाराहून अधिक लेखकांची नावं होती, त्यात तिसाहून जास्त भारतातल्या संस्थांमधली. २०१७ चं नोबेल मिळालं तिघांना. आता याच साखळीतली एक वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले.

खगोलशास्त्राच्या संशोधनात सध्या काय बदलतंय?

*एकटा लेखक दुर्मीळ झालाय.* कॅरिंग्टन यांनी एकट्याने लिहिलं. २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याचा निबंध आला, त्यावर साडेतीन हजारांच्या घरात नावं आहेत. त्यात आपल्या जीएमआरटी आणि अ‍ॅस्ट्रोसॅटवर काम करणारेही आहेत. अशा एका निबंधाचे हजारो उल्लेख होतात आणि ते सगळ्या लेखकांच्या खात्यात पूर्ण जमा होतात. मग मोठ्या गटात असलेला आणि चौघांत बसून वर्षानुवर्षं काम करणारा, यांचे आकडे शेजारी ठेवायचे कसे? हा प्रश्न अजून नीट सुटलेला नाही.

*शोधापेक्षा हत्यार जास्त उल्लेखलं जातं.* सर्वाधिक उल्लेख झालेल्या निबंधांत १९९८ चा एक निबंध आहे, आपल्या आकाशगंगेतल्या धुळीच्या नकाशाचा. कोणताही दूरचा तारा किंवा दीर्घिका बघायची तर मधली धूळ किती, हे वजा करावं लागतं. म्हणून जो तो त्या नकाशाचा उल्लेख करतो. 'अ‍ॅस्ट्रोपाय' या फुकट सॉफ्टवेअरवरच्या निबंधांचंही तसंच. पाना हातात नसेल तर गाडी दुरुस्त होत नाही, पण बक्षीस पान्याला मिळत नाही. इथे निदान उल्लेख तरी मिळतो.

*दुर्बीण नसली तरी काम होतं.* नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्यात. तिथे घेतलेली निरीक्षणं ठरावीक मुदतीनंतर सगळ्यांसाठी खुली होतात. हबल, गाया, जेम्स वेब यांच्याकडेही असे खुले साठे आहेत. एकाने एका कामासाठी घेतलेल्या नोंदी दुसरा भलत्याच कामाला वापरतो. अलिबागने जे शिकवलं, तेच.

*छापायच्या आधीच वाचलं जातं.* १९९१ मध्ये पॉल जिन्सपार्ग यांनी 'आर्काइव्ह' हे संकेतस्थळ सुरू केलं. खगोलशास्त्रातले बहुतेक निबंध आज तिथे फुकट मिळतात, बरेचसे नियतकालिकात छापून येण्याआधीच. तिथे एक मजेशीर गोष्ट दिसून आली. रोजच्या यादीत वर असलेल्या निबंधांना सरासरी जास्त उल्लेख मिळतात. यादीचा क्रम निबंध कधी पाठवला यावर ठरतो आणि रोजची मुदत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी दोनला संपते. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेअकरा, हिवाळ्यात साडेबारा. मुदत संपल्या क्षणी पाठवलेला निबंध दुसऱ्या दिवशीच्या यादीत वर येतो. त्यासाठी डोळे ताणून जागणारे असतात. रील कधी टाकायची याचा विचार तुम्ही एकटेच करत नाही.

जास्त उल्लेख म्हणजे काम बरोबर?

नाही. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ या प्रयोगाने जाहीर केलं की विश्वाच्या जन्मावेळच्या गुरुत्वीय लहरींची खूण सापडली. जगभर बातम्या झाल्या, निबंधाचे धडाधड उल्लेख झाले. २०१५ पर्यंत स्पष्ट झालं की दिसलेला संकेत आकाशगंगेतल्या धुळीनेही समजावता येतो. लहरींचा दावा टिकला नाही, उल्लेख मात्र खात्यात राहिले. त्यातले बरेच तर चूक दाखवणाऱ्यांचेच. मोजणारं यंत्र कौतुक आणि टीका यात फरक करत नाही. ट्रोल झालेल्या पोस्टचाही 'रीच' वाढतो, तसंच हे.

शिवाय विषय बदलला की माप बदलतं. खगोलभौतिकीत मोठे गट असतात, निबंध भराभर येतात, उल्लेखही भराभर होतात. शुद्ध गणितात सगळं संथ. दोघांचे आकडे एका तराजूत टाकणं म्हणजे आंबे आणि नारळ नगावर विकणं.

यात पैसा कुठे येतो?

१९१७ ची गोष्ट. कोलकात्यातले तरुण मेघनाद साहा यांनी 'अ‍ॅस्ट्रोफिजिकल जर्नल'ला एक निबंध पाठवला. उत्तर आलं, निबंध लांब आहे, छपाईच्या खर्चाचा काही भाग तुम्ही द्या. साहांकडे तेवढे पैसे नव्हते. मूळ निबंध तिथे पूर्ण छापला गेला नाही.

शंभर वर्षांनी प्रश्न वेगळ्या रूपात परत आलाय. अमेरिकन अ‍ॅस्ट्रोनॉमिकल सोसायटीची नियतकालिकं २०२२ पासून वाचकांना फुकट झाली. कॅरिंग्टनचं 'मंथली नोटिसेस' जानेवारी २०२४ पासून तसंच झालं. वाचणाऱ्यांसाठी हे फार चांगलं आहे. पण खर्च आता लेखकाकडून घेतात. 'मंथली नोटिसेस'चं शुल्क एका निबंधाला दोन हजार पौंडांहून जास्त, म्हणजे दोन लाख रुपयांच्या वर. सवलती आणि माफीची सोय असते, तरी छोट्या कॉलेजातल्या प्राध्यापकाला हा आकडा बघून घाम फुटतो.

वाचण्याची बाजू सरकारने थोडी हलकी केली. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, आणि केंद्र व राज्य सरकारांच्या अखत्यारीतल्या ६,३०० संस्था. तुमचं कॉलेज यात असेल तर ग्रंथपालांना नक्की विचारा. छापण्याचे पैसे कोण देणार, हा प्रश्न मात्र उरतोच. त्यावर एक वाट 'ओपन जर्नल ऑफ अ‍ॅस्ट्रोफिजिक्स'सारखी नियतकालिकं दाखवतात. निबंध 'आर्काइव्ह'वरच राहतो, तज्ज्ञ तो तपासतात, लेखक आणि वाचक दोघांनाही खर्च नाही.

काय मोजलंच जात नाही?

अलिबागजवळच्या नागावात १८२५ मध्ये केरो लक्ष्मण छत्रे जन्मले. कुलाबा वेधशाळेत प्रा. ऑर्लेबार यांच्या हाताखाली ते कोवळ्या वयात लागले, तिथे दहाएक वर्षं काम केलं. पुढे ते गणिताचे नावाजलेले प्राध्यापक झाले, लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी. १८६० मध्ये त्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ मराठीत लिहिला. ग्रहांची स्थिती काढायचं नवं गणित त्यांनी मराठी माणसाच्या हातात दिलं. आजच्या मोजणीत अशा कामाला जवळपास जागाच नाही.

जयंत नारळीकरांचंही तसंच. फ्रेड हॉइल यांच्यासोबतच्या त्यांच्या निबंधांचे उल्लेख कुणालाही मोजता येतील. पण त्यांच्या मराठी विज्ञानकथा वाचून किती मुलं विज्ञानाकडे वळली, ते कोणत्या खात्यात मांडणार?

हे शास्त्रज्ञांनाही कळतं. २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात त्यांनी हेच मांडलं की माणसाचं काम नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून जोखू नका, काम वाचून जोखा.

पुढच्या वेळी पोस्ट आली तर काय बघाल?

- आकडा माणसाचा आहे की नियतकालिकाचा?
- आयुष्यभराचा आहे की एका वर्षाचा?
- तुलना त्याच विषयातल्या लोकांशी आहे का?
- निबंधावर चार नावं आहेत की चार हजार?
- उल्लेख कौतुकाचे आहेत की चूक दाखवणारे? स्वतःचेच स्वतःला किती?
- आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या माणसाने नेमकं काय शोधलं, हे पोस्टमध्ये एका ओळीत तरी लिहिलंय का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नसेल, तर अभिनंदन जरूर करा, पण सोबत विचारा, "सर, काम काय केलंत ते सांगा ना." कोणत्याही शास्त्रज्ञाला हा प्रश्न टाळ्यांच्या इमोजीपेक्षा जास्त आवडेल.

आम्ही ग्रुपवर काकांना हे सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण वाचलं आणि एकच विचारलं, "मग त्या वहीत आकडे लिहिणाऱ्याचं नाव काय होतं?"

ते नाव कुठल्याच यादीत नाही. पण पुढचं मोठं सौर वादळ आलं, की त्याची तुलना त्याने लिहिलेल्या आकड्यांशीच होणार आहे.